बापूंच्या छातीतला हापसा

“मॅडम, माणूस मरायला टेकलेला असताना तुमचे लोक त्याला उचलून पळायचं सोडून तिथेच मातीत गुडघे टेकून का बसतात?”

नभानं विचारलं आणि सभागृहातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. शेजारच्या जुईनं तोंडावर ओढणी धरली. पैज तिचीच होती. “सगळ्यांसमोर, माईक हातात घेऊन विचारलंस तर खरी,” असं ती बसमध्ये म्हणाली होती. त्यावर प्राचीनं भर घातली होती, “ही कसली विचारतेय! ही हजेरी देतानासुद्धा पुटपुटते.” तर ती पुटपुटणारी नभा शिगवण मागच्या वर्षीची. दहावीतली नभा शिगवण आता माईक परत द्यायलाच तयार नव्हती.

“आणि का विचारतेय तेही सांगते,” ती म्हणाली. “गेल्या महिन्यात आमच्या शाळेसमोर सायकलवाले महाडिक काका कोसळले. तुमची उडती रुग्णवाहिका तीन मिनिटांत मैदानात उतरली. तिथून जिल्हा रुग्णालय हवेतून फक्त चार मिनिटं! तरी तुमचे लोक वीस मिनिटं तिथेच. सगळे ओरडत होते, अहो उचला, उचला!”

“मग? गेले का महाडिक काका?” व्यासपीठावरून तांबे मॅडमनी शांतपणे विचारलं.

“नाही. दुकानात असतात. परवा मलाच रागावले, त्यांचा पंप जोरात मारला म्हणून.” सभागृह हसलं. “पण सगळे म्हणतात, नशिबानं वाचले.”

“हो, म्हणतात खरं,” मॅडम म्हणाल्या. बावीस वर्षं रुग्णवाहिकेवर काढलेल्या बाईला हे वाक्य काही नवीन नव्हतं. “ज्यांना उत्तर हवंय, त्यांनी माझ्याबरोबर मागच्या अंगणात या. प्रश्नवाल्या बाईंनी बादली घ्या.”

ही गोष्ट आहे २०५१ सालची. चिपळूणच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी हे आपत्काल महाविद्यालय होतं. तिथे तीन वर्षांत पॅरामेडिक (दवाखान्याबाहेर, रुग्ण जिथे असेल तिथेच उपचार करणारी प्रशिक्षित व्यक्ती) तयार व्हायचे. आज कॉलेजचा खुला दिवस होता. अंगणाकडे जाताना मुलींना एकेक खोली दिसत गेली. एकीत मुद्दाम साबण सांडलेलं खोटं न्हाणीघर, एकीत निम्मी कापलेली एसटी, एकीत इतका अरुंद जिना, की त्यावरून माणूस झोपवून खाली आणायचा म्हणजे गणितच. “लोक कुठे पडतील याचा नेम नसतो,” मॅडम चालता चालता म्हणाल्या.

अंगणात एक गंजका हापसा होता. या कॉलेजची रीतच होती. प्रवेश घेतला, की पहिल्या दिवशी वह्या-पुस्तकं बाजूला आणि प्रत्येकानं हापशावर एक बादली भरायची.

“भर,” मॅडम म्हणाल्या.

नभानं दांडा धरला. खाली, वर, खाली, वर. पाण्याचा पत्ताच नाही! नुसती घरघर. दहाव्या-बाराव्या झटक्याला कुठे धार लागली. बादली किती भरली ते बघायला नभा थांबली, वाकली आणि पुन्हा दांडा धरला, तर परत कोरडी घरघर.

“अगं बाई, पाणी गेलं कुठे?”

“खाली गेलं. आतली झडप (पाण्याला फक्त वर जाऊ देणारं, खाली येऊ न देणारं झाकण) झिजलीय. मी मुद्दाम बदललेली नाही. तू हापसत राहिलीस तर पाणी चढतं, थांबलीस की उतरतं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.”

नभानं आणखी तीनदा थांबून पाहिलं. तिन्ही वेळा तेच. चौथ्यांदा ती थांबलीच नाही आणि बघता बघता बादली भरली.

“आता चल, बापूंना भेटू,” मॅडम म्हणाल्या.

बापू म्हणजे रुग्ण-रोबो. प्रयोगशाळेच्या फरशीवर ते आडवे पडले होते. साठीच्या माणसासारखे पांढरे केस, अंगात बनियन, आणि बनियन वर केलं की छाती काचेसारखी आरपार; मान आणि कपाळही तसंच.

“या, या,” बापू म्हणाले. “आज सकाळपासून पाच वेळा मेलोय. सहाव्यांदा मरायला हरकत नाही, पण जरा मनापासून वाचवा. मघाच्या पोरानं बरगडीच मोडली माझी.”

“मोडते कधीकधी. बरगडी सांधते,” मॅडम म्हणाल्या. “बापू, हृद्रोध दाखवा.” (हृद्रोध म्हणजे हृदयाचं काम अचानक बंद पडणं.)

बापूंच्या छातीतला केशरी प्रकाश, म्हणजे त्यांचं रक्त, जिथल्या तिथे थांबला. मॅडमनी गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी छाती दाबायला सुरुवात केली. पहिल्या काही दाबांना केशरी रंग नुसता थरथरला. मग हळूहळू तो मानेतून वर चढला आणि मेंदूत उजेड पडला. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूंतही पडला. मॅडमनी हात उचलले. एक, दोन, तीन... मेंदू विझला.

“हापसा!” नभा ओरडली. “हा तर हापसाच आहे!”

“हृदय हा पंपच आहे. तो बंद पडला तर आपण बाहेरून हापसायचं. रक्तात प्राणवायू थोडा वेळ शिल्लक असतो, पण तो मेंदूपर्यंत पोचवायला दाब लागतो. तो दाब एका झटक्यात येत नाही, चढत चढत येतो. आणि थांबलं की झटकन जातो. मेंदूला मात्र चार-पाच मिनिटांतच इजा व्हायला लागते. आता सांग, महाडिक काकांना लगेच उचललं असतं तर काय झालं असतं?”

नभानं मनातल्या मनात त्यांना उचलून पाहिलं. स्ट्रेचरवर घ्यायचं, पट्टे बांधायचे, गाडीत सरकवायचं, मग ती डुलणारी गाडी. “दाबायचं थांबलं असतं,” ती हळूच म्हणाली. “सारखं सारखं.”

“आणि रुग्णालयात पोचल्यावर पहिल्यांदा काय करतात? हेच. छाती दाबतात आणि झटकायंत्र (हृदयाचा बिघडलेला ठोका ताळ्यावर आणायला विजेचा झटका देणारं यंत्र) लावतात. ते यंत्र आमच्या गाडीत असतंच. म्हणजे आम्ही वेळ काढत नव्हतो, रुग्णालय मैदानात घेऊन आलो होतो. हृदय पुन्हा चालू झालं, मग नेलं. अपघातात आत रक्तस्राव होत असेल तर उलटं, तिथे लवकर नेणंच महत्त्वाचं. कुठे बसायचं आणि कुठे पळायचं, हे ओळखायलाच तर तीन वर्षं लागतात.”

“पण दाबायला यंत्र का नाही ठेवत?” प्राचीनं विचारलं.

“आहे ना. पण ते गाडीबरोबर येतं. बहुतेक वेळा आधी पोचते आमची दुचाकी, तिच्यावर झटकायंत्र आणि एकच माणूस. त्याला हवे असतात आणखी दोन हात.” मॅडमनी घड्याळात पाहिलं. “त्याचीच परीक्षा आहे आता. परीक्षेला एक परका माणूस लागतो, ज्याला छाती दाबायला कुणीच शिकवलेलं नाही. कोण येतं?”

नभाचा हात वर गेलासुद्धा. हापसा कळला म्हणजे सगळं कळलं, असं तिला वाटत होतं.

परीक्षा होती समीना परकारची. तिसऱ्या वर्षाला होती, उंच, बारीक, बोटं सारखी मोडणारी. आज पास झाली तर सोमवारी दापोलीच्या रुग्णवाहिका-तळावर कामाला हजर व्हायचं होतं. गणवेशसुद्धा शिवून आला होता. नियम सोपा होता. पहिल्या दाबापासूनच्या पाच मिनिटांत शंभरातला नव्वद भाग वेळ छाती दाबली गेली पाहिजे. म्हणजे सगळं मिळून तीस सेकंदांच्या वर थांबायचं नाही.

घंटा वाजली. बापूंनी डोळे मिटले. समीना धावत आली, त्यांना हलवलं, हाका मारल्या, श्वास पाहिला आणि तिथेच दाबायला लागली.

“ताई, तू! नाव काय तुझं?” तिनं दाबता दाबताच विचारलं.

“नभा.”

“नभा, इकडे ये. छातीच्या मधोमध तळहात ठेव. दुसरा त्याच्यावर. कोपर सरळ. मी म्हणेन त्या तालावर दाब. दोन इंच खोल, मग पूर्ण सोड, सोडलं की हृदय भरतं. एक, दोन, तीन, चार...”

मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा! नभाच्या कपाळावरून घाम बापूंच्या बनियनवर पडला. समीनानं तेवढ्यात यंत्राच्या पट्ट्या चिकटवल्या. “सगळे बाजूला!” यंत्रानं ठोका तपासला, झटका दिला. दहा सेकंद गेले. “दाब!” केशरी उजेड पुन्हा मेंदूत. दुसरा झटका. नऊ सेकंद. “दाब, छान चाललंय!” समीना औषधाची सुई भरायला पाठमोरी वळली.

आणि बापूंनी श्वास घेतला. चांगला मोठा, तोंड उघडून, घर्रर्र करत.

“उठले! बापू उठले!” नभानं हात उचलून आनंदानं टाळीच वाजवली. मागून जुई-प्राचीनंही वाजवली.

समीना गर्रकन वळली. “ती घरघर आहे, श्वास नाही! दाब!”

“पण त्यांनी तर...”

“नभा, दाब!”

नभाला हात कुठे ठेवायचा तेच आठवेना. समीनानं तिचे तळहात धरून जागेवर ठेवले. मेंदूतला उजेड विझला होता. तो पुन्हा चढायला कितीतरी दाब लागले. घंटा वाजली तेव्हाही नभा दाबतच होती.

मॅडमनी पाटी वर केली. एकोणनव्वद.

नभाची टाळी चौदा सेकंदांना पडली होती. दहा, नऊ आणि चौदा, तेहतीस. तीन सेकंद जास्त.

“मॅडम, चूक माझी आहे!” नभाचा आवाज चिरकला. “ताईनं सगळं बरोबर केलं. तिला पास करा ना.”

“खरंय, मीपण जरा जास्तच घोरलो,” बापू पडल्या पडल्या म्हणाले.

“खरी माणसंही अशीच घोरतात, बापू. हृदय थांबल्यावर मेंदूचा खालचा भाग काही वेळ असे आचके द्यायला लावतो. बघणाऱ्याला वाटतं, माणूस वाचला. आणि हात थांबतात.” मॅडम समीनाकडे वळल्या. “काय राहिलं?”

समीनानं ओठ चावला. डोळे भरले होते, पण आवाज स्पष्ट होता. “घरघर होऊ शकते, तरी थांबू नकोस, हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं. आणि तिच्याकडे पाठ फिरवायला नको होती.”

“महिन्यानं पुन्हा परीक्षा. तळावर मी कळवते,” मॅडम म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, पण आकडाही बदलला नाही.

बाहेर कट्ट्यावर नभा समीनाशेजारी जाऊन बसली. “सॉरी, ताई.”

“तू कशाला सॉरी? तू थांबलीस म्हणून मला कळलं. खऱ्या माणसाच्या अंगणात कळलं असतं तर?” समीनानं नाक पुसलं. “आता सराव करायचा. पण कुणाबरोबर? इथे सगळ्यांना येतं. मला हवीत काहीच न येणारी माणसं. दर वेळी नवी. आणि तुला तर आता येतं.”

नभा उठून उभीच राहिली.

संध्याकाळी आई-बाबा तिला न्यायला फाटकाशी आले. आई तलाठी कार्यालयातून थेट आलेली, बाबांच्या हाताला अजून आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या ड्रोनचं वंगण.

“काय मग, झाली का सहल?” बाबांनी विचारलं.

“बाबा, आई, मी ठरवलंय. बारावीनंतर मी इथे येणार. तीन वर्षं. पण ते नंतरचं. आधी या रविवारी सकाळी आठला तुम्ही दोघं इथे येताय. पुढच्या रविवारी वरच्या मजल्यावरचे शिंदे काका-काकू, मग जुईच्या घरचे, मग महाडिक काका. चार रविवार. प्राची यादी करतेय.”

“अगं, पण आम्हाला यातलं काय येतं?” आई म्हणाली.

“काहीच नाही!” नभा म्हणाली. “म्हणून तर तुमचं नाव पहिलं लिहिलंय.”