गाऱ्हाण्यात एक आवाज कमी

माझ्या प्रेमाची सुरुवात लोखंडी सळ्यांनी झाली, आणि त्यासुद्धा माझ्या नाकाच्या अगदी समोर.

मी स्कूटीवरून हिंडलग्याहून टिळकवाडीला घरी चालले होते. पुढे एक ट्रॅक्टर. ट्रॉलीतून सळ्यांची टोकं चांगली पुरुषभर बाहेर आलेली आणि टोकाला लाल फडकं नाही! मी मनातल्या मनात त्या ड्रायव्हरचा उद्धार करत होते, तेवढ्यात ट्रॅक्टर थांबला. मीही करकचून ब्रेक दाबला. सळ्या मात्र थांबल्या नाहीत. त्या वर-खाली डुलल्या आणि माझ्या हेल्मेटला टक्... करून टेकल्या.

ड्रायव्हरच्या शेजारून एकजण उडी मारून धावत आला. उंच, उन्हानं रापलेला, केसांत सिमेंटची पावडर.

"लागलं काय ओ, मॅडम?"

"हेल्मेट होतं म्हणून वाचले! लाल फडकं कुठंय?"

"हुतं की. वाऱ्यानं गेलं वाटतंय."

"मग दुसरं ठेवायचं! एक जाणार, हे धरूनच निघायचं असतं."

त्यानं मान डोलावली. मग त्याची नजर माझ्या लाल ओढणीवर गेली आणि तिथंच रेंगाळली.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"मी कुठं काय म्हटलं? नुसतं बघितलं." तो हसला. हसताना त्याच्या गालावर सिमेंटला बारीक भेग पडली. "स्वल्प अडजस्ट माडी, मॅडम," तो कानडीत म्हणाला. "जरा सांभाळून घ्या."

"अडजस्ट करूनच माणसं दवाखान्यात जातात! दर शनिवारी दुपारी टिळकवाडीत मी हाच वर्ग घेते. प्रकल्पातली जोखीम कशी सांभाळायची, याचा. या एकदा. तुम्हाला फार गरज आहे."

मी टोमणा मारला होता. पण पुढच्या शनिवारी वर्गात गेले तर पहिल्याच बाकावर महाशय हजर! शर्टाला कडक इस्तरी, आणि खिशातून डोकावणारं लाल फडकं.

"आता कायम जवळ असतंय," तो म्हणाला. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला आणि मी फळ्याकडे.

त्याचं नाव साईराज. हिंडलग्याचं शेतकऱ्याचं घर, पण यानं सिव्हिलचा डिप्लोमा केलेला आणि आता लहानमोठी बांधकामं घेत होता. गावाबाहेरच्या रवळनाथाच्या देवळापुढं सभामंडप बांधायचं काम गावानं विश्वासानं त्याच्या हाती दिलं होतं.

आणि मी स्वराली. आमच्या घरात भीती पिढीजात. बाबा, म्हणजे वकील केशवराव, भर उन्हाळ्यात छत्री घेऊन कोर्टात जातात. घराला दोन कुलपं. दूध उतू जाईल म्हणून गॅससमोर खुर्ची टाकून बसायची आमच्याकडे पद्धत आहे. मी पुढे याच स्वभावाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मला त्याचा पगार मिळायला लागला, एवढंच. वर्गात शिकवायचा प्रत्येक धडा आदल्या संध्याकाळी मी बाबांसमोर म्हणून दाखवते. चूक होऊ नये म्हणून.

"जोखमीला उत्तरं चारच," मी वर्गात सांगत होते. "टाळा. टाळता येत नसेल तर कमी करा. तेही जमत नसेल तर दुसऱ्यावर सोपवा, विमा काढतो तसं. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर डोळे उघडे ठेवून पत्करा. पण प्रत्येक जोखमीला एक मालक हवा. नावानिशी! बेवारस जोखीमच घात करते."

साईराजनं हात वर केला.

"मॅडम, एकांदी जोखीम हवीहवीशी वाटली तर?"

"तिला आमच्या विषयात संधी म्हणतात."

"मग तिचं काय करायचं?"

"ती... ती सोडायची नाही," मी म्हणाले. वाक्य पुस्तकातलंच होतं. पण खडू हातातून पडला, आणि तो उचलायला दोघंही एकदम वाकलो. डोक्यावर डोकं आपटलं. हेल्मेट नव्हतं.

वर्गातल्या प्रत्येकानं शिकलेलं आपल्या खऱ्या कामावर चालवून दाखवायचं, असा माझा नियम. साईराजनं सभामंडपाचा स्लॅब घेतला. दिवस मे महिन्याचे, वळवाचे. ओला स्लॅब आणि वळीव म्हणजे काय, ते मी सांगायला नको. त्यामुळे मला साइटवर जावं लागायचं. जावंच लागायचं हो! कामाचा भाग होता तो.

मी गेले की तो आधी माझ्यासाठी हेल्मेट आणायचा, आतून स्वतःच्या रुमालानं पुसून. चालताना सळ्यांच्या बाजूला स्वतः राहायचा आणि मला भिंतीकडून घ्यायचा. एकदा चहा पिताना मी सहज म्हटलं, "मिक्सर बंद पडला तर?"

"दुसरा सांगून ठेवलाय. बोरगावास्नं येतोय."

"लाइट गेली तर?"

"जनरेटर हाय."

"पाऊस आला तर?"

"ताडपत्री हाय. आनि..." तो कपाकडे बघत म्हणाला, "आनि तुम्ही आला न्हाईसा तर?"

"ते यात येत नाही."

"लई मोठी हाय ती. तुमच्या वर्गातल्या मापानं पाचापैकी पाच."

चहा गरम होता म्हणून माझे कान तापले, असं मी स्वतःला सांगितलं.

खरं सांगते, घाबरले मी. टिळकवाडीच्या वकिलाची मुलगी आणि हिंडलग्याच्या शेतकऱ्याचा मुलगा. दोन्हीकडचे काय म्हणतील? तो नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला तर... मग तर पुढचं सगळंच आलं! म्हणून मी माझीच उत्तरं स्वतःवर चालवली. आधी टाळून बघितलं, चहा बंद केला. त्यानं फ्लास्क आणला. मग कमी करून बघितलं, त्याला 'अहो साईराजराव' म्हणायला लागले. तो इतका खूश झाला की ते थांबवावं लागलं. शेवटी दुसऱ्यावर सोपवावं म्हणून मामेबहीण ऋतिकाला त्याचं स्थळ सुचवलं. ती "चालेल की!" म्हणाली, आणि मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही.

तोही तसलाच. बोलायचं सगळं, पण नेमकं सोडून. आणि स्लॅबचा दिवस हाच त्याच्या शिक्षणाचा शेवटचा दिवस होता. त्यानंतर त्याच्या हाती प्रमाणपत्र पडणार आणि मला साइटवर जायला काही कारण उरणार नाही. त्या दिवशी कुणीतरी बोललं तर बोललं, नाहीतर आयुष्यभर सळ्यांचे ट्रॅक्टर बघून मान वळवायची, हे मला स्वच्छ कळत होतं.

स्लॅबच्या सकाळी मी पोचले तेव्हा सगळं सज्ज होतं. खडी, वाळू, सिमेंट, दोन मिक्सर, ताडपत्र्या. गाव गोळा झालेलं. स्लॅबच्या दिवशी गवंड्यांना मटण द्यायची रीत, पण देवळाचं काम म्हणून इथं शिरा होता, आणि त्यावरून ते जरा नाराज होते. ही जोखीम साईराजनं आधीच ओळखून शिऱ्यात काजू वाढवले होते. मला त्याचा फार अभिमान वाटला.

"दुपारनंतर आभाळ भरणार," मी म्हटलं. "लगेच सुरू करा."

"आदी गाऱ्हाणं, मग मिक्सर," तो म्हणाला.

आमच्या भागात कुठलंही काम देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावचा जाणता माणूस देवापुढं उभा राहून मनातली एकेक धास्ती मोठ्यानं सांगतो, आणि जमलेली सगळी माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणतात. इथं तो मान साईराजचे चुलते रवळूआप्पा यांचा. पांढऱ्या मिशा, फेटा आणि लाउडस्पीकरची गरज नसलेला आवाज.

"हे देवा रवळनाथा!" आप्पांनी हात जोडले. "आज तुज्या दारात स्लॅब पडतोय. वरनं पानी यील, ते चार घटका लांब ऱ्हाऊ दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. मीही म्हटलं.

"मिसरीला कायबी हू दिऊ नको म्हाराजा!" मिसरी म्हणजे आप्पांच्या तोंडचा मिक्सर.

"व्हय म्हाराजा!"

"सेंट्रिंगवर चढणारा गडी हाय तसा खाली यू दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला गंमत वाटायला लागली. अहो, हा तर माझाच धडा! फक्त सगळ्या जोखमींना मालक एकच, रवळनाथ. आणि मी हसत असतानाच आप्पांचा सूर बदलला.

"आनि देवा, हा आमचा साईराज... शनवार आला की शर्टाला इस्तरी करतोय. आरशाम्होरनं हालत न्हाय. कालवनात मीठ न्हाय पडलं तरी ह्येला कळत न्हाय. त्या टिळकवाडीच्या मास्तरीणबाईपायी पोराचं डोस्कं ठिकाण्यावर न्हाय. पोरगी गुणाची हाय. तर ह्या दोगांचं जमू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळं गाव! साईराजची आई मालुबाई तर सगळ्यांत मोठ्यानं. साईराजनं हेल्मेट डोळ्यांपर्यंत ओढलं. मला वाटलं, वाळूच्या ढिगात शिरावं.

आप्पा पुढं बोलेनात. कान टवकारून उभे राहिले.

"एक आवाज कमी आला," ते म्हणाले. "कोन गप हाय?"

गावानं माझ्याकडे बघितलं. अगदी शिऱ्याजवळचे गवंडीसुद्धा.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या की..." साईराज हेल्मेटमधून पुटपुटला.

"ऱ्हाऊ दे कसं? समद्यांनी व्हय म्हटल्याबिगार गाऱ्हाणं पुरं हुत न्हाय. गाऱ्हाणं पुरं झाल्याबिगार मिसरी चालू हुत न्हाय."

पश्चिमेकडून गार वारा सुटला. आभाळाच्या कडेला काळं दिसायला लागलं होतं. सिमेंटची पोती फोडलेली. मिक्सरवाला भरमा हँडल धरून ताटकळलेला. काम का रखडतं, याची सगळी कारणं मी वर्गात शिकवली होती. शिकवणाऱ्या बाईच रखडवतील, हे तेवढं राहून गेलं होतं.

"बाई, वळीव यायला लागलाय," भरमा काकुळतीनं म्हणाला.

मला हसू यायला लागलं आणि रडूही. पण रागही आला होता, आणि तोच आधी बाहेर पडला.

"आप्पा, मी व्हय कशाला म्हणू? देवाला सांगितलंत, गावाला सांगितलंत. ज्यानं विचारायचं, त्यानं मला अजून एका शब्दानं विचारलेलं नाही!"

गावानं आता साईराजकडे बघितलं. मालुबाईंनी त्याला मागून एक ढोसणी दिली. तो पुढं आला. हेल्मेट काढलं, परत घातलं, परत काढलं.

"मॅडम..."

"स्वराली."

"स्वराली..." नाव घेताना त्याचा आवाज इतका हळू झाला की पुढच्या रांगेतल्या बायका वाकल्या. "मला भ्या वाटलं. तुमी न्हाय म्हटलं आस्तं तर शनवारबी गेला आस्ता. म्हनून लांबवलं. टाळलं... बेवारस ठेवलं. तुमी शिकवलं त्याच्या बरोब्बर उलटं केलं मी. आता इचारतो. मला तुमी लई आवडता. माज्यासंगं ऱ्हाशीला काय... जलमभर?"

घाबरले होतेच, पण डोळे उघडे होते. तो समोर उभा होता, घामेजलेला, कपाळावर हेल्मेटचा वळ, आणि खिशातून ते लाल फडकं लोंबत होतं. मला तो हवा होता. काजूच्या शिऱ्यासकट, गावासकट, आप्पांसकट हवा होता. मी ओठ उघडले, आणि तेवढ्यात भरमाचा धीर सुटला. त्यानं हँडल फिरवलं. मिक्सर घडघड घडघड करत सुरू झाला.

"व्हय," मी म्हणाले.

"काय?" साईराज ओरडला.

"व्हय!"

"आईकू यीना!"

मी छाती भरून श्वास घेतला आणि आजवर वर्गात कधी ओरडले नव्हते इतक्या जोरानं ओरडले, "व्हय म्हाराजा! ह्या जोखमीची मालकीण मी!"

आणि मिक्सर फट् करून बंद पडला. माझं वाक्य देवळाच्या भिंतीवर आपटून सगळ्या शिवारात फिरून आलं.

मालुबाई खुदकन हसल्या आणि गाव फुटलंच हसायला. आप्पांनी समाधानानं देवापुढं नारळ फोडला. "पुरं झालं गाऱ्हाणं," ते म्हणाले. "चालू करा आता ती बोरगावची मिसरी!"

स्लॅब झाला. वळीव आला, पण शेवटची पाटी पडून ताडपत्री अंथरल्यावर. आम्ही दोघं देवळाच्या ओसरीवर एकाच ताटलीतला शिरा खात पाऊस बघत बसलो. ओल्या मातीचा वास सुटला होता. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागलं... त्यानं काढलं नाही, मीही नाही.

"एक जोखीम ऱ्हायलीच," तो म्हणाला. "वकीलसाहेब."

मी फोन काढला. बाबांचा नंबर लावला. त्यानं खिशातलं लाल फडकं काढून माझ्या मनगटाला हळूच बांधलं.

"बाबा," मी म्हणाले, "एक जोखीम समोर आली आहे."

"बापरे! टाळता येईल?"

"नाही, बाबा."

"कमी करता येईल?"

"बघितलं करून. वाढते."

"दुसऱ्या कुणावर..."

"मुळीच नाही!"

पलीकडे बाबांनी घसा खाकरल्याचा आवाज आला.

"म्हणजे चौथंच उत्तर उरलं. धडा म्हणून दाखवताना दर वेळी साईराजचंच उदाहरण देतेस, तेव्हाच मला कळलं होतं. घेऊन ये त्याला घरी," बाबा म्हणाले. "आणि स्कूटी सावकाश चालव, रस्ता ओला आहे. त्यालाही हेल्मेट घालायला सांग."