निळ्या रंगाचा एक हात

चिंचवड स्टेशनामागे शाळांसाठी पृथ्वीचे गोल बनवणारा एक लहानसा कारखाना होता. छापील कागद गोलावर चिकटवायचे आणि छपाईत काही चुकलं असेल तर ब्रशने दुरुस्त करायचं. दुरुस्तीचं काम भीमराजकडे. त्याचा हात असा की केसाएवढी रेघ ओढेल, पण आळस? तो हाडीमाशी मुरलेला!

अठ्ठ्याहत्तर सालच्या सप्टेंबरात एका मंगळवारी मारुतराव मेस्त्री गोल घेऊन आले.

"भीमराज, आखातातली ही तीन बेटं बघ. दोन देश भांडतायत, दोघंही म्हणतात आमचीच. माल बाहेर जायचाय, कुणाचाच रंग नको. तिन्ही पांढरी कर."

"भिंगाखाली धरून? पाचशे गोल हायत, राव!"

मेस्त्री गेले आणि भीमराजने डोकं चालवलं. बेटं कुणाचीच नाहीत ना, मग असली काय अन् नसली काय? त्याने समुद्राचा निळा घेतला आणि एकेका हातात तिन्ही बुजवत सुटला. दुपारच्या डब्यापर्यंत निम्मा माल हातावेगळा झाला होता.

त्याचा धाकटा भाऊ कोंडीराम आखातातच फिटर होता. "जा, नशीब काढशील," म्हणून भीमराजनेच त्याला भरीस घातलेलं. पत्ता कंपनीच्या टपालपेटीचा असायचा. आखातात नेमका कुठे, हे भीमराजने कधी विचारलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. त्यावर शिक्का नव्हता आणि कागद दमट होता. कोंडीरामची बायको कस्तुरा भीमराजच्याच घरी राहायची; तिला वाचता येत नसे. पिंपरीच्या खोलीत ती चूल सोडून समोर येऊन बसली आणि भीमराज वाचू लागला.

"आमी तीन बेटांतल्या मधल्या बेटावर धक्का बांधतोय. मंगळवारी दुपारी बाजूची दोन्ही बेटं दिसेनाशी झाली. पाणी पायरीला लागलंय. दोन्ही देशांच्या बोटी जवळनं जातात. आमी वरडतो, पण कुणी मान वळवून बघत न्हाई."

भीमराजने कागदाची घडी घातली.

"पुढं काय, दादा?"

"पुढं... बरा हाय म्हणतोय."

तो तसाच कारखान्यात धावला. माल कधीच रवाना झाला होता. बैठक मोडलेला एक गोल तेवढा कोपऱ्यात उरलेला, तो त्याने घरी आणून फळीवर ठेवला. ओल्या फडक्याने निळा निघेना. मग पातळ ब्रश घेऊन, श्वास रोखून, मधल्या बेटाच्या जागी त्याने पांढरा ठिपका दिला. आधीच एवढं केलं असतं तर!

सकाळी भिंग लावलं. ठिपक्याच्या कडेला एक काळं टिंब होतं, मोहरीहून बारीक. ते त्याने काढलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत भोवतीचा निळा आत सरकला होता. टिंबही सरकून मधोमध आलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी, भोंग्याच्या आधी, भीमराज तो ठिपका ताजा करू लागला. पुन्हा पत्र आलं नाही. असं वर्ष गेलं.

"रोज त्यात काय बघता, दादा?" कस्तुरा एकदा म्हणाली.

"काय न्हाई. कंपनीचं काम हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढच्या पावसाळ्यात तो तापाने पडला. दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी भिंत धरत फळीपाशी गेला. गोल स्वच्छ चमकत होता. त्याने भिंग लावलं.

पांढरं अजून थोडं उरलं होतं.

टिंब नव्हतं.

"कस्तुरा, याला कुणी हात लावला?"

"मीच पुसला, दादा. धूळ साचली होती. माशीनं घाण केली होती जरा, ती नखानं खरवडून काढली."

बोलता बोलता ती बोट पदराला पुसत होती.

"सकाळधरनं पुसतेय," ती म्हणाली, "पण वाळतच न्हाई बघा."