चांगल्या पायाची उडी

आमची पहिली भेट जिन्यात झाली. मी मोजपट्टी आणि बर्फाची पिशवी घेऊन वर निघाले होते. तो खाली येत होता, कठड्याला धरून, आडवा, एकेक पायरी. मला बघताच कठडा सोडून ताठ उभा राहिला.

"गुडघा?" मी विचारलं.

"छे! दृश्य बघत उतरत होतो."

"जिन्यात कसलं दृश्य?"

"आत्ताच आलं ना... खालून."

फुटबॉल क्लबात फिजिओ म्हणून रुजू होऊन मला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. हा डाव्या बाजूने धावणारा फॉरवर्ड. सगळे त्याला भिंगरी म्हणत. पंधरा दिवसांपूर्वी त्याचा उजवा गुडघा मुरगळला होता, आणि महिन्याभराने मोठ्या संघाचे निवडकर्ते आमचा सामना बघायला येणार होते. त्याचं वय सव्वीस. पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार, हे तोही जाणून होता आणि मीही.

मग रोज सकाळी आम्ही दोघं. एका पायावर तोल सांभाळायचा, उडी मारून हलकेच उतरायचं, उतरताना गुडघा आत कलू द्यायचा नाही. कंटाळवाणं काम! दुखापत होऊ नये म्हणून घेतलेली मेहनत कुणाला दिसते? जी झालीच नाही, तिच्यासाठी टाळ्या कोण वाजवणार? पण तो निमूट करायचा, आणि मध्येच म्हणायचा, "डॉक्टर, गुडघ्याकडे एवढं बघता... जरा वरही बघत जा."

"वरचं माझ्याकडे येत नाही."

साफ खोटं. वरचंच तर मनात भरलं होतं. आईला फोनवर एवढंच म्हटलं, की एक खेळाडू फार गमतीदार आहे. ती लगेच म्हणाली, "मोजमापात चुकू नकोस म्हणजे झालं."

सामन्याच्या तीन दिवस आधी चाचणी होती. एकेका पायावर उडी मारायची आणि अंतर मोजायचं. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या शेकडा नव्वद तरी भरली, तरच मी खेळायची परवानगी देणार. चांगला पाय – एकशे बेचाळीस सेंटीमीटर. दुखरा – एकशे तेहेतीस. शेकडा त्र्याण्णव!

तो हसला. मीही हसले, सहीसाठी पेन उघडलं... आणि हंगामाच्या सुरुवातीच्या नोंदीवर नजर गेली. याच चांगल्या पायाने तेव्हा एकशे ब्याऐंशी सेंटीमीटर उडी मारली होती.

"चांगल्या पायाने आखडतं घेतलंत तुम्ही," मी म्हणाले. "दोन्ही सारखे दिसावेत म्हणून."

तो हळूच म्हणाला, "एका सहीचाच तर प्रश्न आहे, डॉक्टर. दहा वर्षं या एका सामन्याची वाट बघितलीय. माझा गुडघा, माझी जबाबदारी."

"आतलं लिगामेंट फाटलं तर पुन्हा खेळता येईलच असं नाही."

"माहीत आहे."

"मग ऐक," मी पेनाला टोपण लावत म्हणाले, "मला तू आवडतोस. इतका, की पेन उघडून बसले होते मी... पण सही करणार नाही."

तो बूट उचलून अनवाणीच निघून गेला.

सामन्याच्या दिवशी त्याच्या जागी दुसराच खेळला. छान खेळला, गोलही केला. निवडकर्त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी बाकावर बसून ते बघत होते. माझं चुकलं नव्हतं, तरी रडू येत होतं.

मध्यंतराला भिंगरी गॅलरीतून उतरून आला. डोळे लाल.

"त्याला घेतील," तो म्हणाला. "चांगला खेळतोय."

"राग गेला?"

"नाही गेला. इतक्यात जाणारही नाही." तो थांबला. "पण तिथे वर एकटा बसलो, तर... रुसून बसायलाही तुझ्याच शेजारची जागा हवीशी वाटली."

मी बाकावरची औषधांची पिशवी उचलून खाली ठेवली.