हातजुळणी

सकाळचा चहा घेऊन ऋजुता नाबर संदेशकक्षात शिरली, तेव्हा तिचा नवरा भिंतीवरच्या स्पीकरमधून नारळ फोडणाऱ्या खेकड्याची गोष्ट सांगत होता.

कक्षातल्या बाकीच्यांना नुसती पीं-पीं ऐकू येत होती. आखूड, लांब, आखूड. ऋजुताला मात्र सरळ शब्द ऐकू येत. उमेदीची सगळी वर्षं तिने नौदलाच्या रेडिओवर काढली होती आणि मोर्स तिला कागदाशिवाय कळत असे.

"खोटं बोलू नकोस, हेरंब," स्पीकरवर उत्तर गेलं. "खेकडा तुझ्यापेक्षा हुशार असणार."

उत्तर देणारा हात ऋजुताचाच होता. ऋजुता मात्र दाराशी कप धरून उभी होती.

सौरवादळांत उपग्रह वारंवार मुके पडू लागले आणि कुणाच्याही आवाजाची नक्कल करणं पोरखेळ झालं, तेव्हा सरकारने किनारपट्टीसाठी लघुलहरी रेडिओ आणि मोर्स पुन्हा बाहेर काढले. मोर्स पाठवणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. रेघ किती लांबवायची, दोन अक्षरांच्या मध्ये कुठे श्वास घ्यायचा, हे हस्ताक्षरासारखं ज्याचं त्याचं असतं. 'हस्तछाया' नावाचं यंत्र एखाद्याचा हात शिकून घेई, त्याच्या बोलण्याची ढबही उचली आणि न थकता संदेश पाठवी. काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकांनी थोडा वेळ मोकळ्या गप्पा मारायच्या, म्हणजे समोरचा खरा आहे याची खात्री पटे. त्याला हातजुळणी म्हणत. त्या गप्पांची नोंद ठेवायची नाही, असा नियम होता.

जहाजं आणि बेटं ऋजुताचा हात ओळखत होती. म्हणून सात वर्षांपूर्वी ती केंद्रप्रमुख झाली तरी हस्तछायेत उतरवलेला तिचा तेव्हाचा हात मोर्सच्या कळीवरच राहिला. तेव्हा तिला अभिमान वाटला होता.

हेरंब अंदमानच्या टोकाच्या एका बेटावर, पलीकडच्या कळीवर स्वतः होता. त्याचा हात आता मंदावला.

"एक सांगायचंय. मी इथली मुदत वाढवून मागितलीय. ऋजूला अजून बोललो नाही."

स्पीकर जरासा थांबला. बोलण्याआधी ऋजुता थांबे, अगदी तितकाच.

"ती चिडेल. तरी सांग तिला."

मग एक टिंब गेलं आणि पलीकडून एक टिंब आलं. हा निरोप त्या दोघांचा होता, लग्नाआधीपासूनचा. एक टिंब तिने द्यायचं, दुसरं त्याने. एकमेकांचे चेहरे पाहण्याआधी दोन जहाजांवरून त्यांनी तो ठरवला होता.

"मॅडम, जुळणी नव्याण्णव टक्के!" तंत्रज्ञ मुकादम पडद्याकडे बघत म्हणाला. "नवराबायको असावीत तर अशी."

"तुझं काम कर, मुकादम."

दुपारी उपग्रह जागा होता तेवढ्यात तिने बेटावर उपग्रहफोन लावला.

"तू मुदतवाढ मागितलीस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस. माझ्यादेखत, तुझ्या त्या बाईला."

"बाई कसली, ऋजू? यंत्र आहे ते. तुझाच हात आहे."

"माझा हात माझ्यापाशी आहे."

"मग सांग, गेल्या रविवारी आपण फोनवर काय बोललो? गीझर. त्याच्या आधीच्या रविवारी? गीझरवाला. तिच्याशी बोललं की मला बरं वाटतं, एवढंच."

"तिला गीझर नाही, हेरंब."

तो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी हातजुळणीच्या वेळी ती मुकादमच्या शेजारी येऊन बसली.

"हस्तछाया बाजूला ठेव. आज मी करते."

"पण मॅडम..."

"नोंदलेला हात कुणाचा आहे?"

मुकादमने मुकाट्याने कळ तिच्यापुढे सरकवली. पितळ गार लागलं. काल सबंध संध्याकाळ तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"खेकड्याचं पुढे काय झालं?" तिने पाठवलं.

मग हेरंबचा कोरडा, कामाचा हात आला. "हात जुळत नाही. कोण बोलतंय?"

"मी. ऋजू."

"ऋजूचा हात मला पाठ आहे. नक्कल बरी जमलीय. वाहिनी बंद करतोय."

पडद्यावर जुळणीचा आकडा लाल झाला होता. ऋजुताने स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. सह्या करून आणि काचेवर टिचक्या मारून तिच्या रेघा तुटक झाल्या होत्या, श्वास भलतीकडेच पडत होते. तिने घाईने एक टिंब दिलं आणि वाट पाहिली.

दुसरं टिंब आलं नाही.

"मॅडम," मुकादम हळू आवाजात म्हणाला, "वाहिनी बंद पडली तर सगळ्या किनाऱ्याला घुसखोरीचा इशारा जाईल. यंत्र लावू?"

तिने मान डोलावली. आपल्याच हाताने जागा मोकळी करत तिने कळ परत मुकादमकडे सरकवली.

हस्तछायेने हाक दिली आणि हेरंब लगेच मोकळा झाला.

"आलीस? आत्ता कुणीतरी तुझं सोंग घेऊन आलं होतं. आपलं टिंबसुद्धा चोरलं होतं."

"कसं ओळखलंस?"

"ती रागावलेली होती. हातावरून कळत होतं. तू कधी रागावत नाहीस."

ऋजुताने डोळे मिटले. ते यंत्र खिडकीतून समुद्रात भिरकावून द्यावं, असं तिला वाटलं. आता खेकडा येईल, मग दोघं हसतील.

पण स्पीकर थांबला. या वेळचा थांबा ऋजुताच्या ओळखीचा नव्हता. मग तिच्या जुन्या, निवांत हाताने अक्षरामागून अक्षर जाऊ लागलं.

"हेरंब, ती खरीच असेल तर?"

त्या बेटावर एक हात कळीवर अधांतरी थांबला असणार. इथे ऋजुता कान देऊन बसली होती, आणि तिला हेवा वाटत होता तो या प्रश्नाचा. सात वर्षांपूर्वीच्या तिला तो सुचला असता का? आणि आज त्या यंत्राविषयी तिला स्वतःला तो का सुचला नाही?