घासून न निघणारा मळ

उचगावच्या आक्का सकाळी उठल्याच नाहीत. दवाखान्यात नेलं तेव्हा धुगधुगी होती आणि रक्तातली साखर अवघी वीस. दुपारी गेल्या. दंडावर सुईचा ताजा टिपका होता.

आक्कांना मधुमेह नव्हता. एकुलत्या एका मुलानं, अमरसिंहनं, जबाब दिला, "घरात कुणालाच न्हाय."

मोलकरीण झुंबरबाईचा नवरा इन्सुलिन घ्यायचा. झालं! गरिबाघरी सुई सापडली की तपास फार वेळ खात नाही. ठाण्याच्या साहेबांनी तिला कोठडीत घातलं. तिकडं आंधळ्या नवऱ्याला सुई टोचायला कुणी उरलं नाही. तो दवाखान्यात पोचला.

फौजदार भैरवीला हे पचेना. दहाव्याला ती घाटावर गेली.

अमरसिंह उघड्या अंगानं मुंडण करून घेत होता. पिराजी न्हावी वैतागला. "दादा, मानंवरचा मळ निघंना की! वीट आणू?"

"गप तुझं काम कर."

मान काळी, जाड, मखमलीसारखी. भैरवीची नजर खाली घसरली. बेंबीच्या दोन्ही अंगांना सुपारीएवढ्या गुठळ्या.

ती आक्कांच्या बहिणीकडं, धोंडुबाईकडं वळली. "मावशी, आक्का कुठं निघाल्या होत्या का?"

"व्हय की. गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बिद्रीला. अमरचं लगीन ठरलंय तिथं. 'पोरीच्या बापाला एक गोष्ट सांगायचीच,' म्हणत हुती."

भैरवी अमरसिंहसमोर उभी राहिली.

"साखर कधीपासून?"

"मला? लोखंड हाय मी!"

"तो मळ नव्हे. अंगात साखरेचा घोळ झाला की मान अशी काळी पडते. तेवढ्यावर मी बोलले नसते. पण त्या गुठळ्या एकाच जागी रोज इन्सुलिन टोचल्याच्या. माझ्या वडलांना मीच द्यायची, तशाच आल्या होत्या. दुखणं लपवून लग्न करणार होतास. आई सांगणार होती. तू तुझंच औषध तिला दिलंस. औषध घरात ठेवत नसशील. गाडी तपासू?"

अमरसिंहनं अर्धवट भादरलेलं डोकं खाली घातलं.

"बारीक सुई असती. झोपेत कळतबी न्हाय."

शिपायानं बेड्या घातल्या.

धोंडुबाईनं डोळ्यांना पदर लावला. "मग झुंबरबाईला सोडताय न्हवं?"

"आत्ताच."

"तिला सरळ आक्काच्या घराकडं लावून द्या. धा दिसाची भांडी पडल्यात."