मुसाफिराला जुम्मा माफ

शुक्रवार उजाडला की मस्कतच्या हमरियातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तांदळाच्या भाकऱ्यांचा वास सुटायचा. भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, आणि नात हिबासाठी वेगळी बटाट्याची भाजी, कारण जवळा म्हटला की ती नऊ वर्षांची पोर नाक दाबून बसायची. डबा बांधून, थर्मास भरून खुदेजा चपला घालून दाराशी खुर्चीवर बसे.

"अम्मी, नऊ तरी वाजू दे गं," उजैर डोळे चोळत म्हणे.

"ऊन चढतं रे. आज कुठला किनारा?"

अल् खुवैरच्या कचेरीत आठवडाभर मान मोडून काम करणारा तो मुलगा निमूट गाडीची किल्ली घ्यायचा. सून अंबरीन हसून म्हणायची, "इथल्या गाइडला ठाऊक नसतील एवढे किनारे अम्मींनी पाहून झाले."

पण खुदेजा किनारे कुठे पाहत होती! हिबा शाळेच्या प्रोजेक्टसाठी फिरंग्यांच्या किल्ल्यांचे फोटो काढायची, पाट्या वाचायची. खुदेजा पाटीकडे बघायची नाही, समुद्राकडे तर नाहीच. समुद्र तिनं हर्णैला जन्मभर पाहिला होता. ती बंदरावर जाळं विणत बसलेला सगळ्यात म्हातारा माणूस हेरायची आणि आपल्या मोडक्या हिंदीत एकच प्रश्न विचारायची. चाळीस वर्षांखाली इधर कोई हिंदी लाँच डूबा था क्या?

उजैर तेव्हा पोटात होता, सातवा महिना. नवरा हुसैनमियाँ लाँचवर खलाशी. कौलं आणि कांदे भरून लाँच मस्कतला निघाली. निघताना तो दाराशी अडला आणि म्हणाला, "तुझं काहीतरी दे." तिनं डाव्या हातातली एक हिरवी बांगडी उतरवून दिली. "परत आलास की तूच चढव," म्हणाली. वीस वर्षांची होती ती, लाजली पण.

लाँच मस्कतला लागली नाही. दुसऱ्या कुठल्या बंदराला लागली नाही. एक फळी नाही, एक घागर नाही, निरोप नाही.

तेव्हापासून खुदेजाच्या हातात अकरा बांगड्या. फुटली की नवी, पण बारावी कधी नाही. काकणवाला म्हणायचा, "भाभी, जोड पुरी करा." ती म्हणायची, "पुरी करणारा येऊ दे." पहिली दहा वर्षं लोक हळहळले. पुढची दहा वर्षं म्हणाले, दुसरा निकाह कर. मग म्हणायचं सोडलं. पण लग्नघरी हळद लावायची वेळ आली की बायका एकमेकींकडे बघायच्या. हिला पुढे बोलवायचं की नाही? सवाशीण म्हणायचं की बेवा? मग खुदेजाच उठून भांडी घासायला मागं जायची. मातीला जायच्या आधी आपण कोण हे एकदा कळावं, एवढ्यासाठीच ती व्हिसा लावून मुलाकडे आली होती.

अकराव्या शुक्रवारी ती जागा सापडली.

सूर शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरनं आत वळून एक लहानसं मच्छीमारांचं गाव. पाठीशी बोडके डोंगर, पुढे पांढरी वाळू, आणि टेकाडावर फिरंग्यांचा अर्धा ढासळलेला बुरूज. "दादी, ये देखो, पाचशे इयर्स ओल्ड आहे हा," हिबा ओरडली. खुदेजा तोवर जाळ्यापाशी बसलेल्या म्हाताऱ्याजवळ पोचली होती.

म्हाताऱ्यानं प्रश्न ऐकला. हातातलं जाळं खाली ठेवलं.

"सब नहीं आया," तो म्हणाला. "एक आया. एक जवान लडका. पानी लाया उसको."

उजैर पुढे झाला. "नाम? कोई कागद, कुछ?"

"कुछ नहीं. गला में तावीज, तो हम बोला अपना आदमी है. नमाज पढा, दफन किया." म्हाताऱ्यानं आपली मूठ आवळून दाखवली. "हाथ ऐसा था. मेरा बाप खोलने का बहुत कोशिश किया. नहीं खुला. अंदर चूडी था. हरा. हम ऐसाच दफन किया."

खुदेजा खाली वाळूत बसली. रडली नाही. इतक्या वर्षांनी रडायचं तर कुठून सुरुवात करायची, हेच तिला सुचेना.

बुरुजाच्या पायथ्याशी कबरस्तान होतं. कमरेएवढी दगडी भिंत, आत नुसते उभे दगड. कुणावर नाव नाही. म्हाताऱ्यानं सांगितलं, आमच्या गावात नाव लिहीत नाहीत. पुरुषाला दोन दगड, एक डोक्याशी, एक पायाशी. बाईला तीन, मध्ये एक जास्तीचा. त्यानं बोट केलं. "वो कोने में. दो पत्थर. वो हिंदी का, जिसके बाजू में जगह खाली है."

तेवढ्यात बांग झाली. जुम्म्याची, शुक्रवारच्या नमाजची वेळ. पुरुष घाईनं हातपाय धुवायला, वुजूला गेले, उजैरही गेला. हिबाला म्हाताऱ्याच्या सुनांनी घरात नेऊन खजूर दिले. खुदेजाला म्हणाल्या, तुम्हीही आत टेका. खुणेनं म्हणाल्या. खुदेजानं खुणेनंच सांगितलं, येते जरा.

बाईनं कबरस्तानात जाऊ नये हे तिला ठाऊक होतं. ती भिंतीपाशीच उभी राहिली.

भर दुपार. असं ऊन की सावली पायाखाली लपलेली. गावात एक पुरुष बाहेर नाही, एक दुकान उघडं नाही, कुत्रं नाही, कावळा नाही. फक्त मशिदीच्या भोंग्यातून खुतब्याचा, इमामाच्या प्रवचनाचा आवाज येत होता, तोही उन्हात विरघळून, जसा पाण्याखालून ऐकू यावा तसा. खुदेजानं फातेहा पढली. पढता पढता तिला वास आला. ओल्या काथ्याचा वास, डांबराचा. हर्णैला लाँच निघायच्या दिवशी धक्क्यावर यायचा तो.

भिंतीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, एक जण बसला होता.

तिला पहिल्यांदा रागच आला. जुम्म्याला अख्खं गाव मशिदीत, आणि हा दांडगा पोरगा इथं बसलाय!

"काय रे," ती बोलून गेली, आपल्याच बोलीत, "नमाज नाही तुला?"

त्यानं मान वर केली.

"मी मुसाफिर आहे, खाला. मुसाफिराला जुम्मा माफ."

तिच्याच बोलीत, मावशीशी बोलावं तसं. हर्णैच्या.

लुंगी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली, आणि ती लुंगी टपटप गळत होती. त्या उन्हात, जिथं वाळत घातलेलं कापड चहा होईतो कडक होतं, तिथं त्याच्या लुंगीचं पाणी खालच्या वाळूत जिरत होतं... आणि संपत नव्हतं. वय पंचवीस. डावा कान वरून दुमडलेला. उजवी मूठ आवळलेली, मांडीवर ठेवलेली.

खुदेजाचा हात भिंतीच्या दगडावर गच्च बसला.

"तुम्ही आमच्या तिकडच्या वाटता," तो म्हणाला. "तुमच्या हाताला भाकरीचा वास आहे. किती दिवसांनी आला."

"हर्णैची मी."

"हर्णैची!" तो पोरासारखा हसला. "मग माझं एक काम करा खाला. आमच्या घरी निरोप द्या. खुदेजा म्हणून आहे. माझी बायको. तिला म्हणावं, निघालोय. वारा पडलाय जरा, म्हणून..."

"अरे, मीच..." ती भिंतीवरून पुढे वाकून म्हणाली. "मीच खुदेजा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. पांढरे केस, सुरकुतलेली मान, दात गेलेला जबडा. अदबीनं हसला तो, म्हाताऱ्या माणसाच्या चुकीला हसावं तसा.

"नावं सारखी असतात, खाला. माझी खुदेजा वीस वर्षांची आहे."

चाळीस वर्षांत खुदेजाला बरंच काही ऐकावं लागलं होतं. एवढं जिव्हारी कुठलंच लागलं नव्हतं.

मशिदीत खुतबा संपला. नमाज उभी राहिली असावी, भोंग्यातला आवाज बदलला.

"तिला दिवस आहेत," तो हळूच म्हणाला. "सातवा महिना."

"मुलगा झाला तिला."

"झाला? केव्हा? ...कसा आहे?"

"तुझ्यासारखा. कान सुद्धा. गुणी आहे. आईला दर शुक्रवारी फिरवतो."

त्यानं मान खाली घातली. गालावरनं पाणी वाहत होतं, पण ते डोळ्यांतलं की केसांतलं, कळत नव्हतं.

"ती एकटी असेल. मला इथं कुणाची बोली समजत नाही, खाला. सगळे भले आहेत. पण बोलायचं कुणाशी?" मूठ उचलून त्यानं छातीशी धरली. "हे तिच्या हातात चढवायचं आहे. मला वाट सापडत नाही... तीच येईल का? तुम्ही तिला सांगितलंत तर, येईल का?"

खुदेजाची सासू एक गोष्ट बजावून गेली होती. हर्णैची सगळी दर्यावर्दी घरं ती पाळतात. समुद्रानं नेलेल्यानं काही मागितलं तर ऐकून घ्यावं, रडावं, दुवा करावी, पण हो म्हणू नये. जिवंत माणूस शब्द विसरतो. बुडालेला विसरत नाही, त्याला दुसरं कामच नसतं.

खुदेजाला ते आठवलं. चांगलं आठवलं. पण समोर तो बसला होता, तिच्या मुलापेक्षा लहान, आणि ओला.

"येईल," ती म्हणाली. "मी पाठवते तिला."

भोंग्यातून नमाज संपवणारा सलाम ऐकू आला. मशिदीचं दार उघडलं, चपला वाजल्या. खुदेजानं तिकडे मान वळवून पुन्हा पाहिलं तर कोपऱ्यात दोन दगड होते, आणि कोरडी वाळू.

उजैर धावत आला तेव्हा ती भिंतीशी बसून बांगड्या उतरवत होती. एकही फोडली नाही. अकराच्या अकरा रुमालात बांधून त्याच्या हातात दिल्या.

"तुझे अब्बा इथं आहेत," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून ती इद्दतीला बसली, बेवेनं पाळायच्या सुतकाला. उजैरनं हर्णैच्या मौलवींना फोन लावला. मौलवी चांगला माणूस, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खुदेजाबी, इद्दत मौतीच्या दिवसापासून मोजतात. खबर उशिरा आली तरी. तुमची इद्दत चाळीस वर्षांपूर्वीच संपली."

"माझ्या नकळत संपली?" खुदेजा म्हणाली. "मी तेव्हा त्याच्यासाठी भाकऱ्या भाजत होते हो, मौलवीसाहेब. ती कशी संपेल? मी बसणार."

मौलवींनी दुवा केली आणि फोन ठेवला.

आतल्या खोलीत पांढऱ्या ओढणीत ती बसली. चार महिने दहा दिवस. उजैरला व्हिसाचा घोर. "अम्मी, तुझा व्हिसा वाढवायला पाहिजे. परवा अर्ज टाकतो."

"नको टाकू," ती म्हणाली. "लागायचा नाही."

त्याला वाटलं, अम्मीला हर्णैची आठवण येते.

त्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी उजैर एकटाच त्या गावी गेला. बापाच्या कबरीवर फातेहा पढावी, साफसफाई करावी, एवढंच मनात. म्हातारा त्याला भिंतीपाशीच भेटला. त्यानं आधी सलाम केला नाही, हात धरला.

"तुम लोग रखा क्या?"

कोपऱ्यातल्या कबरीला लागून जी मोकळी जागा होती, तिच्या मधोमध एक दगड उभा होता. डोक्याशी नाही, पायाशी नाही. नुसता मधला.

"मैं निकालता है," म्हातारा म्हणाला. "हर जुम्मा. नमाज को जाता है तब निकालता है, वापस आता है तो... फिर है." त्यानं आवाज खाली आणला. "हाथ लगाओ."

उजैरनं हात लावला. सूर्य डोक्यावर होता. बाकीच्या दगडांना हात लावला असता तर भाजला असता. हा गार होता, आणि ओला.

घरी यायला चार वाजले. अंबरीनला काही सांगायचं नाही असं ठरवूनच तो जिना चढला. दार हिबानं उघडलं. ती बोटानं ओठ दाबून उभी होती.

"पप्पा, हळू. दादीच्या रूममध्ये कोणीतरी आहे."

"कोण आलंय?"

"नाही आलं कोणी. पण दादी एकटीच बोलत बसते ना जुम्म्याला... आज दादीचा आवाज नव्हता." पोरगी मराठी शब्द शोधत अडखळली. "एक दीदी बोलत होती. हसत होती. लाजून हसतात ना, तसं."

उजैरनं दार लोटलं. खोलीत खुदेजा एकटीच, भिंतीला टेकून, पांढऱ्या ओढणीत. ओढणीआड डावं मनगट उजव्या हातानं झाकून बसली होती. त्यानं तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली,

"मधला ठेवला ना त्यानं?"

उजैरनं मान डोलावली.

"वेडा आहे. इद्दत तरी पुरी होऊ दे, म्हटलं त्याला." ती मुलाकडे बघून हसली, आणि उजैरनं आईला आयुष्यात असं हसताना पाहिलं नव्हतं. "त्या दिवशी मला खाला म्हणत होता रे. आता नाही म्हणत."