मोठ्या बॅगेतला चष्मा

"दार लावून घ्या. आत राहा किंवा बाहेर जा, पण लावून घ्या."

त्याने मला उद्देशून उच्चारलेले हे पहिले वाक्य. उच्चारणाऱ्याचे तोंड मात्र दिसत नव्हते, कारण त्याचे डोके एका उघड्या पियानोच्या आत होते. बाहेर होती ती पांढऱ्या शर्टातली पाठ आणि एक हात; त्या हाताचे बोट एकच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होते.

मी दार लावले. आतून.

एरवी अशा स्वरात मला कुणी काही सांगितले, तर मी त्याचा त्याच्या वाक्यरचनेसकट समाचार घेते. विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला 'बर्फाची लादी' म्हणतात, हे मला ठाऊक आहे, आणि त्यात मला फारशी अतिशयोक्ती आढळत नाही. पण त्या दिवशी माझा सगळा राग आधीच दुसरीकडे गुंतलेला होता.

मी जुन्या बंदरांवर प्रबंध लिहिला आहे. कोणत्या शतकात कोणत्या धक्क्याला कोणता माल उतरत असे, हे मी झोपेतही सांगू शकते. मात्र जहाजावर पाय असा कधी ठेवलेला नव्हता. म्हणून आत्याने सहकुटुंब बोटीच्या सफरीचा घाट घातला, तेव्हा मी चक्क हो म्हटले. धक्क्यावर पोहोचताच आमच्या मोठ्या बॅगा ताब्यात घेण्यात आल्या. त्या संध्याकाळी खोलीच्या दाराशी येणार होत्या. मग आम्हाला खऱ्या समुद्राकडे पाठ करून, समुद्र रंगवलेल्या पडद्यासमोर उभे करण्यात आले आणि आमचे कौटुंबिक छायाचित्र काढले गेले. छायाचित्रकार "हसा" म्हणाला, नेमकी तीच वेळ साधून आत्या माझ्या कानाशी पुटपुटली, "ते दंतवैद्यही याच बोटीवर आहेत हं. आईबरोबर."

"योगायोग?"

"योगायोग कसला, मीच सांगितलं त्यांना तिकिटं काढायला." आत्याला खोटे बोलता येत नाही, हा तिच्यातला सर्वांत भयंकर दोष. "सफर संपेपर्यंत हो म्हण, नाहीतर सरळ नाही म्हण. ते तुझं तिरकं बोलणं आता पुरे."

त्या छायाचित्रात आई, बाबा, आत्या हसत आहेत. मी कुणाला तरी शिक्षा ठोठावण्याच्या बेतात दिसते.

राग आला तो आत्याचे खरे होते म्हणून. मी नकार कधी देत नसे. टोमणा मारत असे. आमच्या घरात टोमण्याला अर्धा होकार समजतात, आणि उरलेला अर्धा आत्या स्वतःच्या पदरचा घालते. अशा रीतीने, न पाहिलेल्या एका माणसाशी लग्न करण्याच्या मी अगदी उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. आणखी एखादा चतुर शेरा मारला असता, तर तारीखच ठरली असती.

बोटीवर चढल्यावर कळले की खोल्या अजून तयार नाहीत. सगळे प्रवासी हातात पर्स आणि अंगात उत्साह घेऊन जिने चढत-उतरत होते, न उघडणारी दारे ओढून पाहत होते. बाबांनी घरून आणलेल्या थर्मासचे झाकण उघडले, तेवढ्यात मी सटकले आणि दिसेल ते पहिले बंद दार उघडले.

"इथे बसलं तर चालेल?" मी आता पियानोला विचारले.

"बोलणार नसाल तर."

"मी अजिबात न बोलता बराच वेळ बसू शकते. माझ्या घरचे त्याला घाबरतात."

"तरी एवढं बोललातच." डोके बाहेर आले. कपाळावर धुळीची रेघ, कानामागे जाड लोकरी नमद्याची एक पाचर — सुतार पेन्सिल खोचतो तशी — आणि छातीवर बिल्ला: 'पाहुणा'. डोळे मात्र माझ्याकडे नव्हते. ते अजून काहीतरी ऐकत होते. डोळ्यांनी ऐकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

"काय शोधताय आत?"

"लाट," तो म्हणाला. "एका पट्टीमागे तीन तारा असतात. तिघी एकसारख्या बोलल्या, तर एकच आवाज येतो. एखादी जरा रुसली की आवाज हलायला लागतो. हे ऐका."

त्याने पट्टी दाबली. मी ऐकले… एक सूर, बस्स.

"मला काहीच ऐकू येत नाही," मी म्हणाले, आणि दचकले. मला एखादी गोष्ट कळत नाही, हे मी कित्येक वर्षांत कुणासमोर मान्य केलेले नव्हते.

"सुराकडे लक्ष देऊ नका. त्याच्या मागे बघा. तो विझायला लागतो ना — तिथे."

त्याने पुन्हा पट्टी दाबली. सूर विझू लागला, आणि त्याच्या मागे काहीतरी डुलत होते. धक्क्याच्या दगडावर पाणी येते आणि ओसरते, तसे. त्याने तारेच्या खिळीवर चावी बसवून केसभर फिरवली. डुलणे मंदावले… आणखी मंदावले… आणि थांबले. पाणी आरशासारखे सपाट झाले. 

"आणखी एकदा," मी म्हणाले.

"हट्ट?"

"कुतूहल."

"मग ठीक आहे. हट्टी गिऱ्हाइकं मी घेत नाही." तो पुढच्या तारेकडे वळला. "समुद्राची हवा लागली की बिनसतं याचं. म्हणून प्रत्येक सफरीआधी मी चढतो आणि बोट सुटायच्या आत उतरतो."

"म्हणजे तुम्ही या बोटीने कधी…?"

"समुद्रात? एकदाही नाही."

"मी बंदरांवर जाडजूड पुस्तक लिहिलंय," मी म्हणाले, "आणि बोटीवर आज पहिल्यांदा चढतेय."

तो हसला. मोठ्याने नाही, एखादी तार नुसती स्पर्शाने वाजावी इतकेच. आणि मग त्याने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले.

त्याच क्षणी दार धाडकन उघडले. रंगीत टोप्या घातलेला एक सबंध जथा उंच पेले नाचवत आत शिरला. कुणी फोटोसाठी पियानोला रेलले, कुणी पट्ट्यांवर कोपर टेकले. त्याने डोळे मिटून घेतले. "गेलं," तो पुटपुटला. "आता काही ऐकू येणार नाही. आणि संध्याकाळी वाजवणारा माझ्या नावाने खडे फोडणार."

मी उठून उभी राहिले. आवाज चढवण्यावर माझा विश्वास नाही, उतरवण्यावर आहे.

"या दालनात एक नाजूक काम चालू आहे," मी म्हणाले. "ज्यांना गप्प बसणं जमेल, त्यांनी अवश्य बसावं. बाकीच्यांसाठी हे दार जसं उघडतं, तसंच बंदही होतं."

जथा चवड्यांवर बाहेर गेला. एकाने तर जाताना टोपी काढली.

"हे कुठे शिकलात?" त्याने विचारले.

"दिवसाच्या शेवटच्या तासाला, मागच्या बाकांकडून."

"दर सफरीआधी याल का? माझं काम निम्म्या वेळात होईल."

"आणि उरलेल्या वेळात?"

त्याने चावी कापडाने पुसायला घेतली. ती मुळातच स्वच्छ होती.

दार पुन्हा उघडले. या वेळी दारात आत्या होती. तिच्यामागे आई आणि थर्मास सांभाळणारे बाबा.

"ही बघा, आपणहून पियानोजवळ येऊन बसलीये," आत्या विजयी स्वरात म्हणाली आणि डोळे बारीक करून पुढे आली. "नमस्कार. तुमच्या आईंनी सांगितलं होतं, पियानोजवळच भेटू म्हणून. त्या कुठे आहेत?"

आत्याने आपला चष्मा, नीट राहावा म्हणून, मोठ्या बॅगेत ठेवला होता. येताना जिन्यावर तिने एका पुतळ्याला वाट विचारली होती, आणि तो उत्तर देत नाही म्हणून त्याला उद्धटही ठरवले होते. तिला आता दिसत होता तो एक पांढरा शर्ट, एक पियानो आणि पेशंटच्या अंतरावर बसलेली मी. बिल्ला तिच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हता.

त्याने माझ्याकडे पाहिले. मी तोंड उघडायला हवे होते. मी पियानोकडे पाहू लागले.

"आई इथे नाहीये," तो सावकाश म्हणाला.

"येतील सावकाश. बसा. स्वयंपाक येतो का काही?"

"दोन पदार्थ. पाहुणे दुसऱ्यांदा आले की माझी पंचाईत होते."

"वन्सं, जरा ऐका," आई म्हणाली. तिने बिल्ला वाचला होता.

"थांब गं. रागीट आहात का?"

"दिवसभर कान देऊन बसायचं काम आहे, काकू. रागावलं की ऐकू येत नाही."

"आमची ही तिरकं बोलते, आधीच सांगते."

"ऐकलं मगाशी," तो म्हणाला. "सरळ बोलणाऱ्या पुष्कळांपेक्षा स्पष्ट कळलं."

बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि त्याच्यापुढे धरला. बाबांनाही बिल्ला दिसला होता. मात्र त्यांच्या मिशीखाली जे चालले होते, त्याला मी हसू म्हणणार नाही. आत्यासमोर ते हसत नाहीत.

"ही नोकरी करणार, वर पुस्तकं लिहिणार. चालेल?"

"मला कशाला विचारायचं? पुस्तकं त्यांची."

"हं." आत्या खूश झाल्यावर एवढेच म्हणते. "मग आजवर लग्न का नाही केलंत?"

परक्या माणसाची ही चौकशी इथे थांबवणे माझे कर्तव्य होते. माणसांना बाजारातल्या मडक्यांसारखे वाजवून पाहण्याच्या या प्रथेविरुद्ध मी वर्षानुवर्षे बोलत आले आहे. पण मी गप्प राहिले. कारण — हे मान्य करणे भाग आहे — उत्तर मलाही हवे होते.

तो झाकणातल्या चहाकडे पाहत म्हणाला, "मला माणसं भेटतात ती बोट सुटायच्या दिवशी. ती पुढे जातात. आणि मी—"

"माफ करा हं, उशीर झाला," दारातून धापा टाकत एक बाई आत आल्या. "काय करू, त्याला बोट लागलीये. खोलीचं दार उघडल्या उघडल्या आडवा झालाय."

"पण बोट अजून धक्क्याला बांधलेली आहे," बाबा म्हणाले.

"तेच सांगतेय मी त्याला. डोळेच उघडत नाही."

आत्याने त्या बाईंच्या दिशेने पाहिले, मग पांढऱ्या शर्टाकडे. हळूहळू ती खुर्चीवर बसली. "मग हे कोण?"

"मी पियानोचे सूर जुळवायला आलोय, काकू," तो उठून म्हणाला. "पण तुम्हाला दिलेलं एकही उत्तर खोटं नाही."

छतातला कर्णा खरखरला: पाहुण्यांनी कृपया धक्क्यावर उतरावे. त्याने नमद्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, पियानोचे झाकण मिटले. "एक पट्टी राहिलीच," तो स्वतःशी म्हणाला.

आत्या माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं. का नाही बोललीस?"

माझ्याजवळ एक उत्तम टोमणा तयार होता. दोन्ही कडांनी धार लावलेला. मी तो गिळला.

"मला त्यांचं बोलणं ऐकायचं होतं म्हणून," मी म्हणाले. "आणि आत्या, दंतवैद्यांना माझा नकार आहे. त्यांचा दोष काही नाही. मला नकोय."

दंतवैद्यांच्या आईंनी निःश्वास टाकला. "सांगते त्याला," त्या म्हणाल्या. "कदाचित जरा बरंही वाटेल त्याला."

उतरण्याच्या फळीपर्यंत मी त्याच्याबरोबर गेले. वाट मला माहीत नव्हती, त्याला पाठ होती. म्हणजे सोडायला नेमके कोण कुणाला चालले होते, हा प्रश्न अनिर्णित राहिला.

"तुम्हाला केव्हा कळलं?" मी विचारले.

"काकूंनी माझ्या आईची चौकशी केली तेव्हाच."

"मग थांबवलं का नाही त्यांना?"

"तुम्ही थांबवलं नाहीत म्हणून." तो दोरखंड सोडणाऱ्या खलाशांकडे पाहत राहिला. "विचारत त्या होत्या… पण उत्तरं मी त्यांना देत नव्हतो."

वाऱ्याने माझे केस तोंडावर आले. मी ते बाजूला केले नाहीत. चेहरा झाकलेला बरा होता.

"शेवटचं उत्तर अर्धंच राहिलं," मी म्हणाले.

"बोट परत येते, त्या दिवशी मी चढतो. पण तोवर प्रवासी उतरून गेलेले असतात."

"मी सगळ्यांच्या शेवटी उतरेन."

या वाक्यात एकही पोटवाक्य नव्हते. तो ते ऐकत उभा राहिला, एखादा सूर पूर्ण विझेपर्यंत ऐकावा तसा. मग मान हलवून फळीवरून खाली गेला.

माझ्या प्रबंधात शेकडो जहाजे सुटतात. 'जहाज सुटले', एवढेच मी दर वेळी लिहिले आहे. धक्का आणि बोट यांच्यामध्ये प्रथम पाण्याची एक बारीक फट पडते, ती रुंदावत जाते, आणि पलीकडे उभ्या माणसाचा बिल्ला, मग कपाळावरची रेघ, मग चेहरा दिसेनासा होतो, हे मला कोणत्याही साधनग्रंथात आढळले नव्हते. त्याने हात हलवला नाही. त्याने हात कानामागे नेला — ऐकतोय, म्हणून.

संध्याकाळी त्या दालनात पियानो वाजू लागला. टोप्यांचा जथा पुन्हा जमला होता आणि खुशीत ठेका धरत होता. वरच्या बाजूची एक पट्टी मात्र वाजली की हलत होती. धक्क्याच्या दगडावर पाणी येते आणि ओसरते, तशी. मी दर वेळी तिची वाट पाहत होते.

आत्या येऊन शेजारी बसली. बॅगा आल्या होत्या. तिच्या नाकावर चष्मा होता आणि डोळे जरा लालसर होते. मग समोरच पाहत, पडेल आवाजात तिने विचारले, "दिसायला कसा होता गं?"

"नीट पाहिलं नाही," मी म्हणाले. "ऐकत होते."

तिने मान तिरकी केली. वरची पट्टी पुन्हा वाजली. "तो एक सूर हलतोय का?"

"हो."

"नीट करायला येईल का तो?"

"येईल," मी म्हणाले. "परतीच्या दिवशी चष्मा हातातल्या पर्समध्ये ठेव."